नेम धरणारा डॉक्टर

मराठीत गोळी औषधाचीही असते आणि बंदुकीचीही. या दोन्ही गोळ्या एकच असाव्यात, या कल्पनेनं एक जर्मन डॉक्टर आयुष्यभर झपाटलेला होता. औषधानं शरीरात शिरून थेट रोगजंतूला गाठायचं, बाकी कुणाला धक्का लावायचा नाही. त्यानं या औषधाला नावच दिलं होतं, जादूची गोळी. हा डॉक्टर म्हणजे पॉल एर्लिख. आज नॅनोमेडिसिनबद्दल आपण जे वाचतो, त्याचं मूळ त्याच्या या ध्यासात आहे.

एर्लिखचा जन्म १४ मार्च १८५४चा, तेव्हाच्या प्रशियातल्या स्ट्रेलेन गावचा. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. मेडिकलला गेला खरा, पण त्याचा जीव रमायचा रंगांत. कापडासाठी नव्यानं निघालेले कृत्रिम रंग तो पेशींवर टाकून बघायचा. १८७८चा त्याचा प्रबंधही याच विषयावर होता. त्याच्या लक्षात आलं की रंग सगळीकडे सारखा बसत नाही. एक पेशी निळीशार होते, शेजारची कोरीच राहते. मग प्रश्न पडला, रंग निवडून चिकटतो, तर औषध का नाही चिकटणार?

१८८२मध्ये रॉबर्ट कोखनं टीबीचा जंतू शोधला आणि तो रंगवून ओळखायची जास्त चांगली पद्धत एर्लिखनं काढली. पुढे त्याला स्वतःलाच टीबी झाला. बरा व्हायला इजिप्तला गेला आणि परत येऊन पुन्हा कामाला लागला. १८९१मध्ये त्यानं मलेरियाच्या दोन रुग्णांना मिथिलिन ब्ल्यू हा चक्क रंगच औषध म्हणून दिला. दोघांनाही गुण आला. १९०८मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी त्याला नोबेल मिळालं, तेही मेचनिकॉफबरोबर विभागून.

खरी परीक्षा पुढे होती. सिफिलिस, म्हणजे गरमीवर तेव्हा विषारी पारा दिला जायचा. एर्लिखच्या फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत आर्सेनिकच्या रेणूत थोडा थोडा बदल करून एकेक संयुग तपासणं सुरू होतं. ६०६ क्रमांकाचं संयुग निरुपयोगी म्हणून बाजूला पडलं होतं. १९०९मध्ये जपानहून आलेल्या साहाचिरो हातानं ते सशांवर पुन्हा तपासलं आणि ते लागू पडलं! १९१०मध्ये ते साल्व्हर्सन या नावानं बाजारात आलं.

पण नेम पूर्ण साधला नव्हता. औषध जंतूला मारायचं, तसा शरीरालाही त्रास द्यायचं. काही रुग्ण दगावले, आरोप झाले, प्रकरण कोर्टातही गेलं. एर्लिख मात्र औषध सुधारत राहिला. १९१२मध्ये त्यानं द्यायला सोपं असं निओसाल्व्हर्सन आणलं. २० ऑगस्ट १९१५ला तो गेला, तेव्हा ६१ वर्षांचा होता.

त्याचं अडलेलं काम पुढे नेलं ते कणांनी. १९९५मध्ये अमेरिकेत डॉक्सिलला मान्यता मिळाली. यात कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन चरबीच्या इवल्याशा फुग्यात भरलेलं असतं. फुगा साधारण १०० नॅनोमीटरचा. आपला केस त्याच्या शेकडो पट जाड. निरोगी रक्तवाहिनीतून हा फुगा सहसा बाहेर पडत नाही, पण गाठीतल्या वाहिन्या झिरपत्या असतात, तिथून तो आत शिरतो. त्यामुळे नुसत्या डॉक्सोरुबिसिननं हृदयाला होणारा त्रास कमी होतो. काही कणांना तर बाहेरून अँटिबॉडी जोडतात, म्हणजे ठरावीक पेशीच्या रिसेप्टरला ते जाऊन चिकटावेत. पेशीवर अशा चिकटण्याच्या जागा असतात, ही कल्पनाही एर्लिखनंच मांडलेली.

अर्थात, अजूनही शरीरात सोडलेले बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतच अडकतात, गाठीपर्यंत थोडेच पोचतात. फार्मसी, केमिस्ट्री किंवा बायोटेक करणाऱ्यांनो, एर्लिखचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पुढचा नेम तुमच्यापैकी कुणाचा?