जॉन हचिन्सन
जॉन हचिन्सन (१८११–१८६१) हे इंग्लिश वैद्य आणि श्वसनक्रियेचे अभ्यासक होते. फुप्फुसांतील हवा मोजणारे स्पायरोमीटर हे उपकरण त्यांनी वैद्यकीय तपासणीसाठी विकसित केले. केवळ यंत्र अचूक असून भागत नाही, तपासणी देणाऱ्याने श्वास कसा घेतला आणि कसा सोडला यावरही निष्कर्ष अवलंबून असतो, ही जाणीव त्यांच्या कार्यपद्धतीत आढळते.

जीवन
हचिन्सन यांचा जन्म न्यूकॅसलजवळील रायटन येथे झाला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेज, लंडन येथे घेतले. पुढे ते लंडनमधील ब्रिटानिया या आयुर्विमा कंपनीचे वैद्य होते. क्षयरोगाने त्या काळी असंख्य बळी जात असत. विमा मागणाऱ्याची फुप्फुसे निरोगी आहेत की नाहीत, हे वेळीच ओळखणे हा कंपनीच्या दृष्टीने व्यवहाराचा, तर रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता.

संशोधन
श्वासातील हवा मोजण्याचे प्रयत्न हंफ्री डेव्ही यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी यापूर्वीही केले होते. हचिन्सन यांनी त्या मापनाला शिस्त आणली. त्यांच्या उपकरणात पाण्याने भरलेल्या पात्रात दुसरे पात्र उपडे ठेवलेले असे. नळीतून फुंकलेल्या हवेने ते वर उचलले जाई व हवेचे आकारमान मोजपट्टीवर वाचता येई. पूर्ण श्वास घेतल्यानंतर जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर टाकता येते, तिला त्यांनी व्हायटल कपॅसिटी असे नाव दिले.

त्यांचा प्रसिद्ध प्रबंध १८४६ मध्ये प्रकाशित झाला. त्यात २,१३० व्यक्तींची मापने होती. खलाशी, पोलीस, सैनिक, अग्निशामक दलाचे जवान, मुष्टियोद्धे, कारागीर आणि निर्धन लोक अशा अनेक स्तरांतील माणसांचा त्यांत समावेश होता. उंची एक इंचाने वाढली की ही क्षमता सुमारे ८ घन इंचांनी, म्हणजे सुमारे १३१ मिलिलिटरने वाढते, असे त्यांना आढळले. वाढते वय व स्थूलता यांमुळे ती घटते, हेही त्यांनी नोंदवले. फ्रीमन या अमेरिकन महाकाय मुष्टियोद्ध्याची त्यांनी सुमारे दोन वर्षांच्या अंतराने तपासणी केली, तेव्हा त्याची क्षमता बरीच घटलेली दिसली. १८४५ मध्ये त्याचा क्षयाने मृत्यू झाला.

श्वास सोडण्याची पद्धत
तपासणीपूर्वी अंगावरील घट्ट कपडे सैल करावेत, ताठ उभे राहावे, छाती पूर्ण भरेल असा श्वास घ्यावा आणि हवा निसटू नये म्हणून नळी ओठांत घट्ट धरावी, अशा सूचना हचिन्सन देत. उभ्या स्थितीपेक्षा बसल्यावर आणि त्याहून आडवे झाल्यावर आकडा कमी येतो, हे त्यांनी पडताळून पाहिले. अर्धवट श्वासाने निरोगी माणूसही रोगी ठरू शकत असल्याने या सूचनांना विशेष महत्त्व होते.

किती हवा बाहेर पडली, एवढेच त्यांनी मोजले. ती किती वेळात बाहेर पडली हे मोजले नाही. ही उणीव पुढे भरून निघाली. १९४७ मध्ये फ्रेंच वैद्य रोबेर तिफनो यांनी ठरावीक वेळेत जोराने सोडलेल्या हवेच्या मापनाचा पुरस्कार केला. आज पहिल्या सेकंदातील हवा आणि एकूण हवा यांच्या गुणोत्तरावरून श्वासनलिकांतील अडथळा ओळखला जातो. मात्र फुंकर लवकर थांबवली तर एकूण हवा कमी भरते, गुणोत्तर वाढते आणि खरा अडथळा झाकला जाऊ शकतो. सुरुवातीचा श्वास अपुरा असेल तर दोन्ही आकडे घटतात व फुप्फुसे आक्रसल्याचा आभास होतो. अडथळ्याच्या आजारांत जोराने फुंकताना लहान श्वासनलिका दबून हवा आत अडकते. त्याच रुग्णाने सावकाश श्वास सोडला तर अधिक हवा बाहेर येऊ शकते. म्हणूनच निदान तीन निर्दोष प्रयत्न घेऊन त्यांतील उत्तम दोन परस्परांशी जुळतात की नाही, हे पाहिले जाते.

उत्तरायुष्य व वारसा
१८५२ मध्ये हचिन्सन कुटुंब मागे ठेवून इंग्लंड सोडून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया येथे गेले. तेथे त्या वेळी सोन्याच्या खाणींकडे लोकांचा ओघ लागला होता. १८६१ मध्ये ते फिजी बेटांवर पोहोचले आणि त्याच वर्षी तेथे त्यांचे निधन झाले. उंची, वय आणि शरीराची स्थिती लक्षात घेऊन आकडा वाचण्याची त्यांची रीत आजच्या तपासणीतही टिकून आहे. तपासणी घेणारा तंत्रज्ञ रुग्णाला आजही ताठ बसवतो, पूर्ण श्वास घ्यायला लावतो आणि फुंकर संपेपर्यंत त्याला प्रोत्साहन देत राहतो.