प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

ज्ञान डोळ्यांनी मिळते की कानांनी, असे कुणी विचारले तर आपण विद्यार्थी चटकन 'डोळ्यांनी' असे उत्तर देऊ. पुस्तक, फळा, वही, प्रश्नपत्रिका, आपले सारे शिक्षण डोळ्यांवर चालते. परंतु आपल्याच महाराष्ट्रात एक असा पुरुष होऊन गेला की ज्याने कळत्या वयात एकही अक्षर डोळ्यांनी पाहिले नाही आणि तरीही शंभराहून अधिक ग्रंथ रचले. आयुष्य मिळाले अवघे चौतीस वर्षांचे. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. प्रज्ञा हेच ज्याचे डोळे, तो प्रज्ञाचक्षू.

गुलाबरावांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी झाला. वडिलांचे नाव गोंदुजी मोहोड, आईचे अलोकाबाई. मोहोड मंडळी त्याच जिल्ह्यातील माधान या खेड्याची. मूल नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचे दुखणे झाले, औषध चुकीचे पडले आणि दृष्टी कायमची गेली. हे वाचताना मला आमचे गाव आठवले. आजही आमच्याकडे लेकराचे डोळे आले की कुणी दूध घालायला सांगते, कुणी मध. दवाखान्याची आठवण शेवटी होते.

संकटे एवढ्यावर थांबली नाहीत. चार वर्षांचे असताना आई वारली. पुढची काही वर्षे आजीने त्यांना लोणी टाकळीला सांभाळले आणि नंतर ते माधानला वडिलांकडे आले. अंध मूल म्हणजे घराला ओझे, असे समजण्याचा तो काळ. त्याला शिकवायचे असते, हा विचारच कुणाच्या मनात येत नसे.

त्या काळी अंध मुलाच्या शिक्षणाची सोय तरी कोणती होती? फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी, स्वतः अंध असताना, कोवळ्या वयात ठिपक्यांची लिपी तयार केली होती. ते 1852 साली वारले. आपल्या देशात अंधांसाठी पहिली शाळा 1887 साली अमृतसरला निघाली. मुंबईत अमेरिकन मिशनची शाळा 1900 साली सुरू झाली, तेव्हा गुलाबरावांचे बालपण संपून गेले होते. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी ठरली ती 1951 साली, त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनी. माधानच्या या मुलाजवळ ना शाळा होती, ना लिपी. होते ते दोन कान, विलक्षण स्मरणशक्ती आणि भोवतालची माणसे.

गावात भजन चाले, कीर्तन चाले, पोथी लागे. मुलगा ऐकत बसे आणि ऐकलेले त्याच्या मनात जसेच्या तसे उमटे. भजन-कीर्तनाने भूक भागेना, तेव्हा तो अक्षर येणाऱ्यांना ग्रंथ वाचून दाखवायला सांगू लागला. सोबत्यांनी वाचावे, पुढे शिष्यांनी वाचावे आणि यांनी ऐकावे, असा हा अभ्यास चालला. वेद, उपनिषदे, दर्शने, पुराणे, संतांचे ग्रंथ हे सारे त्यांनी कानांवाटे मिळवले. रचनाही तशीच. ते सांगत आणि दुसरे उतरून घेत.

1896 साली त्यांचा विवाह मनकर्णिकाबाईंशी झाला. संसार होता, पण चित्त ग्रंथांत आणि भक्तीत रमलेले. 1901 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ज्ञानेश्वर माउलींनी आपल्यावर अनुग्रह केला अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. ज्ञानेश्वर पिता आणि श्रीकृष्ण पती, अशा भावाने त्यांनी उपासना केली. अद्वैताचा विचार आणि भक्तीची माधुरी यांचा मेळ घालणारे त्यांचे तत्त्वज्ञान मधुराद्वैत या नावाने ओळखले जाते.

त्यांची बुद्धी केवळ अध्यात्मात कोंडलेली नव्हती. मराठीबरोबर संस्कृत आणि हिंदीतही त्यांनी रचना केली. मनाच्या आरोग्याचा विचार करणारा मानसायुर्वेद त्यांनी मांडला. स्त्रियांसाठी गीते रचली. नवे छंद घडवले. एवढेच नव्हे, तर नावंग नावाची एक स्वतंत्र भाषाही त्यांनी तयार केली. डार्विन आणि स्पेन्सर हे पाश्चात्त्य पंडित काय सांगतात ते समजून घेऊन त्यांच्या मतांची आपल्या दृष्टीने चिकित्सा केली. त्यांची सारी मते आज आपल्याला पटतील असे नाही. पण खेड्यातल्या एका अंध तरुणाने विसाव्या शतकाच्या आरंभी हा व्याप उभा करावा, याचे नवल वाटल्यावाचून राहत नाही.

20 सप्टेंबर 1915 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांचे शिष्य बाबाजी महाराज पंडित यांनी त्यांचा विचार आणि ग्रंथ जपण्याचे कार्य केले.

भाविक या साऱ्याला चमत्कार म्हणतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा अधिकार नाही. परंतु चमत्कार म्हटले की आपण हात जोडून मोकळे होतो. ज्यांनी रात्री दिव्याच्या उजेडात गुलाबरावांना पाने वाचून दाखवली, त्यांची आठवण कोण ठेवतो? प्रज्ञा महाराजांची स्वतःची होती, यात शंका नाही. पण वाचणारा आवाज मिळाला नसता, तर त्या प्रज्ञेला खाद्य कुठून मिळाले असते? लिहून घेणारा हात नसता, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. असे किती गुलाबराव खेड्यापाड्यांत न वाचलेल्या पुस्तकांसाठी झुरून गेले असतील, कुणास ठाऊक!

हे मी अनुभवावरून लिहितो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आईवडील दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. आईची नजर चांगली आहे, पण आलेला कागद ती माझ्यापुढे धरते आणि मी वाचून संपवीपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राहते. अक्षर बंद असणे म्हणजे काय, हे मी लहानपणापासून पाहिले आहे.

तरीही माझ्या हातून चूक झाली. माझा एक मित्र अंध आहे. परीक्षेआधी इतिहासाचे शेवटचे दोन धडे वाचून दाखवीन, असे मी त्याला कबूल केले होते. आज नाही उद्या करीत राहिलो आणि परीक्षा येऊन ठेपली. पेपर सुटल्यावर तो मला काही बोलला नाही. ते दोन धडे सोडून त्याने बाकीचे लिहवून घेतले, एवढेच लेखनिकाकडून कळले. त्या दिवशी मला कळले की नापास मी झालो होतो.

आज कायदा अंध विद्यार्थ्यांच्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के जागा दिव्यांगांसाठी राखून ठेवल्या आहेत. परीक्षेत लेखनिक मिळतो, दर तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात. छापील पुस्तक वाचून दाखवणारा मोबाईलही आला आहे. पण आपण एकमेकांना देतो त्या हाताने लिहिलेल्या नोट्स त्याला धड वाचता येत नाहीत. फळ्यावर काय लिहिले आहे, हे तो दर वेळी नीट सांगेलच असे नाही. तेथे माणूसच लागतो.

म्हणून सहाध्यायी मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. आपल्या वर्गात अंध विद्यार्थी असेल, तर रोज अर्धा तास त्याच्यासाठी मोठ्याने वाचा. गुरुजनांनाही नम्र विनंती, की फळ्यावर लिहिताना तेच तोंडानेही सांगावे. यात उपकार नाही. वाचणाऱ्याचाही अभ्यास होतो, हे मी आता रोज अनुभवतो आहे. या वर्षी आमचे वाचन पहिल्या धड्यापासून सुरू झाले आहे आणि मी अडखळलो की माझा मित्रच मागचे वाक्य म्हणून दाखवतो.