अंकुराची वाढ

मृगाचा पाऊस पडून गेला की वऱ्हाडातील काळ्या जमिनीचे रूप पालटते. अकोला-अमरावतीकडील शेतकरी वाफसा येताच सरकी टोबतो, तूर-ज्वारी पेरतो आणि दिवस मावळल्यावर घरी परततो. काही दिवसांनी तो पुन्हा धुऱ्यावर येऊन उभा राहतो, तेव्हा काळेभोर शेत हिरव्या ठिपक्यांनी भरून गेलेले असते. अंकुर भुई फोडून वर आला, ही गोष्ट खरी. पण तो वर येत असताना कोणी पाहिला आहे काय? मुलांनो, तुम्ही दिवसभर शेतात बसून राहिलात, तरी तो हलताना तुम्हांस दिसणार नाही. मात्र दुसऱ्या दिवशी पाहावे, तर तो वाढलेला असतो.

निसर्गाच्या पुष्कळ शक्ती अशाच मुकाट्याने काम करतात. कडाडणारी वीज आपल्याला दिसते, पूर्णेला आलेला पूर दिसतो. परंतु गाविलगडच्या डोंगररांगा पावसाने झिजत आहेत, चिखलदऱ्याच्या कड्यांखालील खोल दऱ्या पाण्याने कोरल्या आहेत, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील गाळ थरावर थर साचून बसला आहे, हे आपण केवळ विचाराने जाणतो. ही कामे घडत असताना पाहायला आपले आयुष्य अपुरे पडते. बीजाची वाढ त्या मानाने कितीतरी जलद. तरी तीही आपल्या उतावळ्या डोळ्यांच्या तावडीतून सुटते. ही मंद गती डोळ्यांना दिसावी म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका महाराष्ट्रीय गृहस्थाने मुंबईस एका कुंडीसमोर कॅमेरा उभा केला. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके ते हेच.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेले हे गाव म्हणजे गोदावरीचे उगमस्थान. पावसाळ्यात तेथील कडे ढगांत बुडून जातात आणि चहूकडून पाण्याच्या धारा खाली झेपावतात. अशा परिसरात दादासाहेबांचे बालपण गेले. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुलाने शास्त्राध्ययन करावे अशी त्या घराची रीत. परंतु धुंडिराजाचा ओढा चित्रकलेकडे होता. वडिलांना मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकला आणि छायाचित्रण यांचा अभ्यास केला.

त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी नाना उद्योग केले. छायाचित्रकार म्हणून ते गोध्र्यास राहिले. तेथे प्लेगच्या साथीने त्यांचा संसार उद्ध्वस्त केला. पत्नी आणि मूल दोघेही दगावली. बडोद्यास परत येऊन त्यांनी पुन्हा छायाचित्रांचा धंदा मांडला, तो कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो अशी समजूत लोकांत पसरली आणि कोणी छायाचित्र काढून घेईना. त्यांनी नाटकांचे पडदे रंगविले, जादूचे खेळही शिकून घेतले. १९०३ साली ते सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार झाले. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली आणि छापखाना काढला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. छापखाना नावारूपास आला. पण भागीदारांशी न पटल्यामुळे तोही त्यांनी सोडून दिला. चाळिशी उलटलेला, घरी बायकामुले असलेला हा मनुष्य पुन्हा रिकाम्या हातांनी उभा राहिला.

अशा स्थितीत १९११ सालच्या ईस्टर सणाच्या सुमारास, आपला मुलगा भालचंद्र यास घेऊन ते गिरगावातील एका तंबूत चित्रपट पाहण्यास गेले. तो चित्रपट वन्य प्राण्यांविषयीचा होता. पांढऱ्या पडद्यावर जिवंत जनावरे हिंडता-फिरताना पाहून पितापुत्र दोघेही थक्क झाले. घरी येऊन मुलाने ही हकीकत सांगितली, तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी दादासाहेब घरच्या मंडळींनाही घेऊन गेले. सणानिमित्त त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. तो पाहता पाहता रामकृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर याव्यात, आणि त्या आपल्या देशातील माणसांनी निर्माण कराव्यात, या विचाराने त्यांच्या मनात घर केले.

मग त्यांना दुसरे काही सुचेना. मिळतील ती पुस्तके त्यांनी वाचून काढली, लहानसा कॅमेरा मिळविला आणि रोज तासन्‌तास चित्रपट पाहण्यास आरंभ केला. झोप नाही, विश्रांती नाही; या अतिश्रमाचा परिणाम डोळ्यांवर झाला आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. ज्याने साऱ्या देशाला नवे दृश्य दाखवायचे मनाशी योजले होते, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला! सुदैवाने डॉक्टरांच्या उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने त्यांची दृष्टी परत आली. दृष्टी येताच त्यांनी पुन्हा तेच काम हाती घेतले.

चित्रपटाची विद्या शिकण्यासाठी विलायतेस जाणे आवश्यक होते आणि जवळ पैसा नव्हता. दादासाहेबांनी आपली विमापत्रे गहाण टाकली आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे त्यांनी एका चित्रपट-साप्ताहिकाच्या संपादकाची ओळख करून घेतली. त्याच्या साहाय्याने हेपवर्थ नावाच्या नामांकित निर्मात्याची चित्रशाळा त्यांना आतून पाहावयास मिळाली. विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा त्यांनी विकत घेतला, फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र मागविले आणि एप्रिल महिन्यात ते मुंबईस परतले.

आता खरा प्रश्न पुढे उभा राहिला. मोठा चित्रपट काढण्यास भांडवल हवे, आणि या नव्या धंद्यावर तर कोणाचाच भरवसा नव्हता. अशा वेळी एखाद्याने राजेरजवाड्यांची मिरवणूक किंवा मुंबईतील एखादा प्रेक्षणीय देखावा चित्रित करून धनिकांना दाखविला असता. दादासाहेबांनी मात्र एका कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरले आणि कॅमेऱ्याचे तोंड त्या कुंडीकडे वळविले.

या प्रयोगामागील तत्त्व समजावून घेण्यासारखे आहे. चित्रपट म्हणजे मुळात स्थिर चित्रांची माळ होय. त्या काळच्या मूकपटांत एका सेकंदाला सुमारे सोळा चित्रे डोळ्यांपुढून सरकत. एक चित्र पुसले जाण्यापूर्वी दुसरे पुढे येते, आणि त्यामुळे पडद्यावरील आकृती हलत असल्याचा भास होतो. चित्रे ज्या वेगाने घेतली, त्याच वेगाने दाखविली, तर जगातील घटना जशीच्या तशी दिसते. परंतु चित्रे पुष्कळ अंतराने घ्यावीत आणि दाखविताना मात्र भराभर दाखवावीत, म्हणजे काळच जणू आखडतो. समजा, एखाद्या रोपाची दररोज बत्तीस चित्रे घेतली, तर तीस दिवसांत ती नऊशे साठ होतील. सेकंदाला सोळा या वेगाने ती सारी एका मिनिटात डोळ्यांपुढून निघून जातील. महिन्याची वाढ मिनिटात दिसेल!

हे सांगण्यास सोपे, करण्यास अवघड. अशा कामात कुंडी जागची हलून चालत नाही. कॅमेऱ्याला धक्का लागता कामा नये. एखादी वेळ चुकली तर रोप पडद्यावर मध्येच उडी मारते, आणि हा दोष मागाहून सुधारता येत नाही. बीजाला घाई करता येत नाही आणि माणसाला कंटाळून भागत नाही. घरातला पैसा दिवसेंदिवस आटत असताना दादासाहेब महिनाभराहून अधिक काळ त्या इवल्याशा रोपाची वाट पाहत राहिले.

अखेर तो लहानसा चित्रपट पडद्यावर आला. त्याचे नाव ‘अंकुराची वाढ’. एरवी डोळ्यांना न दिसणारी हालचाल पाहणाऱ्यांनी पाहिली. दाण्यातून अंकुर निघाला, पाने उलगडली आणि वाटाण्याचा वेल भराभर वाढू लागला. ज्या कॅमेऱ्याने माणसाची शक्ती शोषली जाते असे लोक समजत होते, त्याच जातीच्या यंत्राने मातीत दडलेली शक्ती उघडी करून दाखविली. हा चित्रपट पाहून दादासाहेबांच्या कसबाविषयी खात्री पटली आणि त्यांना कर्ज मिळाले. एका वाटाण्याच्या दाण्यातून मोठ्या चित्रपटाचे भांडवल उगवले, असेच म्हटले पाहिजे.

त्या भांडवलावर ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. या कामी त्यांची पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा फार मोठा होता. कामावरील साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्या करीत. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडण्याचे जिकिरीचे कामही त्याच करीत. चित्रण चालू असताना सूर्यप्रकाश पात्रांच्या अंगावर परतविण्यासाठी पांढरी चादर धरून त्या उन्हात उभ्या राहत. स्त्रीपात्राचे काम करण्यास कोणी स्त्री मिळाली नाही, म्हणून तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या तरुणाने केली. भालचंद्र हा रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला आणि भारतीय चित्रपटाच्या इतिहासाला सुरुवात झाली.

पुढे दादासाहेब नाशिकला गेले. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ यांसारख्या त्यांच्या पौराणिक चित्रपटांना अमाप लोकप्रियता लाभली. परंतु अंकुर पाहणारी त्यांची दृष्टी मावळली नाही. गोदावरीची दृश्ये, नाशिक-त्र्यंबक परिसरातील देखावे, तळेगावचा काच कारखाना असे लहान लहान चित्रपटही त्यांनी काढले. आगकाड्यांना पडद्यावर नाचविणारा एक गमतीचा चित्रपटही त्यांनी केला. त्यातही काडी किंचित हलवायची आणि एक चित्र घ्यायचे, असेच धिमे काम होते.

१९३१ नंतर बोलपटांचे युग आले. भांडवल वाढले, मोठ्या कंपन्या निघाल्या, आणि ज्यांनी हा मार्ग आखला त्यांनाच तो अनोळखी वाटू लागला. १९३७ साली ‘गंगावतरण’ हा बोलपट त्यांनी दिग्दर्शित केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. अखेरच्या दिवसांत त्यांच्यापाशी ना संपत्ती होती, ना जुना बोलबाला. भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देण्यास प्रारंभ केला.

आज उमलणारी फुले, दाटून येणारे ढग, सरकणाऱ्या हिमनद्या, वाऱ्याबरोबर जागा बदलणाऱ्या वाळूच्या टेकड्या यांचे चित्रपट आपण घरबसल्या पाहतो. कॅमेरे पुष्कळ सुधारले, परंतु तत्त्व तेच राहिले आहे. आणि त्यासाठी लागणारा धीरही तोच आहे. डोंगर कोरणाऱ्या पाण्याला घाई नसते. त्याचे काम पाहू इच्छिणाऱ्यालाही घाई करून चालत नाही.

मुलांनो, पुढच्या मृगात शेतात पहिला अंकुर दिसेल, तेव्हा क्षणभर त्याच्यापाशी थांबा. तो तुम्हांस स्थिर वाटेल. पण तो स्थिर नाही. हे ज्यांनी आपल्या लोकांना डोळ्यांनी दाखवून दिले, त्यांनी त्यापायी स्वतःचे डोळे, पैसा आणि सुखाची झोप पणास लावली होती, याची त्या वेळी आठवण ठेवा.