मातीतले खाशाबा, मॅटवरचे खाशाबा

हिंगोलीतले माझे काही विद्यार्थी तालमीत जातात. मॅटवर हरले की ‘मातीचे पैलवान’ म्हणून टोमणे ऐकतात अन् तालीमच सोडतात. त्यांना मी खाशाबा जाधव सांगतो.

कराडजवळच्या गोळेश्वरात १९२६ चा जन्म, वडीलच पहिले उस्ताद. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले ते जवळजवळ नवखेच, सहावे आले. मग मॅटही शिकले. १९५२ च्या निवडीत एका गुणाने डावललं, तेव्हा मात्र गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढले, जिंकले. हेलसिंकीत कांस्य! स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पुढे पोलीस खात्यात नोकरी. १९८४ मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणानंतर.