अण्णा भाऊ साठे यांचे रशिया-अध्ययन

परदेशी विद्यापीठात राहून रशियन भाषा व संस्कृती यांचे पद्धतशीर अध्ययन करणाऱ्यांच्या नामावलीत अण्णा भाऊ साठे यांचे नाव येत नाही; येण्याचे कारणही नाही. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मांग कुटुंबात जन्मलेल्या तुकाराम भाऊराव साठे यांचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे होते, असे सांगितले जाते. या दीड दिवसाचे चरित्रकारांना फार कौतुक आहे. पण शाळा सुटल्यानंतर ते शिकले कसे, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे.

वडिलांसमवेत पायी मुंबईस आल्यावर हमाली, कोळसा वेचणे, गिरणीतील काम असे मिळेल ते त्यांनी केले. दुकानांच्या पाट्या व चित्रपटांच्या जाहिराती यांवरून अक्षरओळख झाली. माटुंगा लेबर कॅम्पमध्ये साम्यवादी कार्यकर्त्यांचा सहवास लाभला. तेथील डासांवर त्यांनी पोवाडा रचला आणि तेथेच रशिया त्यांच्या विचारविश्वात आला. रशियन वा इंग्रजी या भाषा त्यांना अवगत नव्हत्या. सभांतील भाषणे, पक्षाची पत्रके आणि अनुवाद हीच त्यांची साधने होती. मॅक्झिम गॉर्की त्यांना भेटला तो अनुवादांतून. काझान येथे विद्यापीठात शिकण्याच्या ओढीने गेलेल्या गॉर्कीला तेथे प्रवेश मिळाला नाही. तो बेकरीत राबला आणि पुढे त्या काळाच्या आठवणींना त्याने 'माझी विद्यापीठे' असे नाव दिले. अण्णा भाऊंना हा लेखक आपला का वाटला असावा, याचे उत्तर विचारसरणीइतकेच या अनुभवसाम्यातही आहे. मात्र त्यांना महाराष्ट्राचा गॉर्की म्हणून मोकळे होणे हे समीक्षेचे आळसाचे लक्षण होय. 'फकिरा'चा नायक वारणेकाठच्या मातीतून व मौखिक परंपरेतून आलेला आहे, व्होल्गेच्या काठावरून नव्हे.

अध्ययनाचे पहिले फळ म्हणजे 'स्टालिनग्राडचा पोवाडा'. न पाहिलेल्या शहरातील युद्ध त्यांनी शाहिरी परंपरेत बसवले. पोवाडा हा प्रकार वीराच्या गौरवासाठी घडलेला. येथे तो गौरव परदेशातील सामान्य सैनिकाच्या व कामगाराच्या वाट्याला आला. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे राहिल्यावर ही रचना कामगार वस्त्यांतून गायली गेली आणि पुढे रशियन भाषेतही गेली. 'चित्रा' ही कादंबरीही रशियन वाचकांपर्यंत पोहोचली. म्हणजे लेखकाआधी त्याचे शब्द त्या देशात दाखल झाले होते.

प्रत्यक्ष प्रवास १९६१ साली, 'फकिरा'ला राज्य पुरस्कार मिळाला त्याच वर्षी, घडला. त्या वेळी अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होते. 'माझा रशियाचा प्रवास' या पुस्तकात मॉस्को, लेनिनग्राड येतात, तसेच बाकू व ताश्कंदही येतात. मराठी व्यवहारात तेव्हा सोव्हिएत संघ म्हणजेच रशिया असल्याने अझरबैजानी आणि उझबेक हा भेद शीर्षकात मावला नाही. या लेखनात टीकेचा स्वर क्षीण आहे हा आक्षेप मान्य करावा लागतो. स्टालिनकालीन दडपशाहीचा उच्चार १९५६ साली त्या देशातच झाला होता. परंतु पदपथावर माणसे झोपलेली रोज पाहणाऱ्या लेखकाने परक्या नगरात प्रथम घरे, रस्ते व कष्टकऱ्यांचे राहणीमान न्याहाळावे, हे स्वाभाविक होते. पुस्तकात रशियाइतकेच घाटकोपरही वाचता येते, आणि त्याचे मोल तेथे आहे.

याच सुमारास लेनिनग्राड येथे उलट दिशेचे अध्ययन चालू होते. तात्याना कातेनिना यांचे मराठी भाषेवरील रशियन पुस्तक १९६३ साली प्रसिद्ध झाले. तिकडे मराठी शिकण्यास विद्यापीठ होते. इकडे रशियाचा हा अभ्यासक पत्र्याच्या झोपडीत लिहीत होता.

परतल्यानंतरची वर्षे आर्थिक ओढगस्तीत गेली. चिरागनगर सोडून ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात राहावयास गेले आणि तेथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसविण्यात आला.