अभंगाची वाट : रेव्हरंड नारायण वामन टिळक

काही वर्षांपूर्वी आषाढी एकादशीला आमच्या मंडळातील एका कुटुंबाकडे अमीनाबादेत भजन होते. खाली दुकाने, वर बिऱ्हाड अशी ती जुनी इमारत. खिडकीतून बाजाराचा कलकलाट आत येत होता, पंख्याने उकाडा हटत नव्हता. तरी टाळ वाजू लागले आणि पंढरपूर आपल्यापासून दूर आहे याचा आम्हां सर्वांना विसर पडला. परप्रांती राहणाऱ्या मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही.

त्या दिवशी शेजाऱ्यांबरोबर नगरकडील एक वृद्ध ख्रिस्ती बाई आल्या होत्या. रुग्णसेवेत जन्म घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी संकोचाने विचारले, आम्हीही एक अभंग म्हटला तर चालेल का? यजमानांनी आनंदाने संमती दिली. छंद ओळखीचा, चालही ओळखीची. परंतु मध्येच ख्रिस्ताचे नाव आले, आणि आमच्या हातातील टाळ थांबले. आणखी दोघातिघांचेही थांबले. बाईंच्या ते ध्यानात आले. पुढचे चरण त्यांनी गिळले, आणि हात जोडून त्या खाली बसल्या.

तो अभंग रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा होता, हे आम्हांस नंतर कळले. 'केवढे हे क्रौर्य' ही ज्यांची कविता आपण शाळेत पाठ केली, ज्यांना महाराष्ट्र फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो, तेच हे टिळक. त्यांची कविता आपण घेतली आणि तिच्यामागची भक्ती मात्र दारातच उभी ठेवली, ही टोचणी तेव्हापासून आमच्या मनाला लागून राहिली आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे, ते त्यासाठीच.

ज्या अमीनाबादेत हे घडले, त्या जागेलाही या विषयाचे वावडे नाही. अमेरिकेतून आलेल्या इझाबेला थोबर्न यांनी 18 एप्रिल 1870 रोजी याच बाजारातील एका खोलीत मूठभर मुलींना घेऊन शाळा उघडली. आज त्यांचेच नाव धारण करणारे महाविद्यालय त्या शाळेतून वाढले. आपला देश सोडून परक्या मुलखात आणि परक्या भाषेत त्यांनी आपली ईश्वरसेवा केली. त्या वेळी कोकणात आठ वर्षांचा असलेला एक मुलगा पुढे याच ख्रिस्ताकडे वळणार होता. परंतु त्याची वाट उलट दिशेने, म्हणजे स्वतःच्या भाषेच्या गाभ्यातून जाणार होती.

नारायणरावांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. कवितेची आणि भक्तीची गोडी त्यांना आई जानकीबाईंकडून मिळाली. वडील कडक स्वभावाचे होते. नारायण दहा-अकरा वर्षांचा असताना आई गेली, आणि त्या घरात त्याचे मन रमेनासे झाले. तो नाशिकला आला आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्याचा विवाह झाला. याच लक्ष्मीबाई टिळक होत.

विवाहानंतरही टिळकांचे पाय एका ठिकाणी ठरले नाहीत. शिक्षकी, पुराण, कीर्तन, कविता, संपादन असे नाना उद्योग त्यांनी केले. नागपूरला श्रीमंत बुटी यांच्या आश्रयास असताना त्यांनी 'ऋषि' नावाचे नियतकालिक चालविले. मनात मात्र धर्मचिंतन सारखे चालू होते. माणसामाणसांत भेद न करणारा आणि देशाला नवे बळ देणारा असा धर्म त्यांना हवा होता.

1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. कवितेपासून निघालेले बोलणे धर्मापर्यंत पोचले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने त्यांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी केवळ शब्द दिला म्हणून ते पुस्तक वाचावयास घेतले. प्रारंभी त्यांना त्यात रस वाटेना. परंतु येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. 

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न करविता तुकारामजी नथोजी या देशी पाळकांच्या हातून करविला. पाळकांच्या नावाचा हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. कारण ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांवरून गेली, हे टिळकांनी कधी लपविले नाही.

या पावलाची किंमत केवळ त्यांनीच मोजली असे नाही; तिचा मोठा वाटा लक्ष्मीबाईंनी मोजला. पती जिवंत असून अंतरला, पदरी लहानगा दत्तू आणि आश्रय नातलगांचा, अशा स्थितीत त्यांनी साडेचार-पाच वर्षे काढली. पुढे त्या नगरला आल्या, तरी स्वतःचे सोवळे त्यांनी निराळेच ठेवले. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे स्वतःच्या मनाशी पटल्यावरच त्यांनी ते सोडले, आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात हे सारे त्यांनी लिहिले आहे, आणि तेही हसत हसत. टिळकांचा शीघ्रकोप, विसराळूपणा, हाती आलेला पैसा देऊन टाकण्याची सवय, यांतील काहीही त्यांनी झाकलेले नाही. संताचे चरित्र त्याच्या पत्नीने इतक्या निर्मळ सत्यतेने सांगितल्याचे उदाहरण विरळाच.

धर्मांतराने देव भेटतो, असे मात्र टिळकांच्या चरित्रावरून दिसत नाही. बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे त्यांनी नगरला मिशनच्या कामात, अध्यापनात आणि उपदेशात घालविली. मराठी ख्रिस्ती मंडळीतील भजनाचा बराचसा भाग त्या काळी इंग्रजी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांचा होता. ती गीते ओठांवर येत. परंतु कोकणातल्या आईच्या मुखातून ज्याने ओव्या ऐकल्या, त्याचे अंतःकरण त्यांनी कसे पाझरावे? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टिळक पुन्हा तुकोबा-ज्ञानोबांकडे वळले, आणि तेथून त्यांच्या ख्रिस्तभक्तीला खरा पाझर फुटला. अभंग, ओवी, पदे अशी शेकडो भजने त्यांनी रचली. 'दास' ही त्यांची नाममुद्रा. वारकऱ्याला जसा विठ्ठल माउली, तसा त्यांना ख्रिस्त माउली झाला. टाळ-मृदंगाच्या साथीने त्यांनी ख्रिस्ताचे कीर्तन केले. आजही मराठी चर्चमध्ये त्यांची भजने गायिली जातात.

आमच्या मते त्यांच्या साधनेचे मर्म येथेच आहे. त्यांनी मत बदलले ते एका दिवसात. परंतु ईश्वराशी त्यांची जवळीक झाली ती रोजच्या प्रार्थनेतून, नामस्मरणातून आणि गायनातून, आणि तीही मातृभाषेतून. प्रार्थनेला आचरणाची जोड होती. दुष्काळात उघड्यावर पडलेली पोरकी मुले त्यांच्या घरी येऊन राहत आणि त्या घरचीच होऊन जात. 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात चमकलेल्या कोवळ्या बालकवी ठोमऱ्यांनाही त्यांनी आपल्या घरी नेऊन पुत्रवत् वागविले. तापट टिळक पुरते शांत झाले असे नाही. परंतु आपल्या रागाचा पश्चात्ताप करण्यास त्यांना कधी लाज वाटली नाही.

1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्यासाठी त्यांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले. परंतु त्यांच्या हातून दहा-अकरा अध्यायच झाले. ज्या पत्नीला त्यांनी एके काळी मागे सोडले होते, तिनेच पुढे चौसष्ट अध्याय लिहून ते काम तडीस नेले.

1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे बंधू म्हणून एकत्र यावेत, ही त्यांची कल्पना. ज्याने बाप्तिस्म्यासाठी घरदार पणास लावले, त्यानेच शेवटी आपल्या दरबाराचा उंबरठा इतका सखल ठेवला! हा दरबार मूळ धरण्यापूर्वीच त्यांची प्रकृती ढासळली, आणि 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

टिळकांच्या श्रद्धेशी आपण सहमत असावे, असे आमचे म्हणणे नाही. आम्ही स्वतः आमच्या घरच्या देवांपुढेच हात जोडतो. परंतु बदलीच्या नोकरीत गावोगाव हिंडताना आम्हांस एक गोष्ट कळून चुकली आहे : माणूस घरापासून किती दूर गेला हे मैलांवरून ठरत नाही, आपल्या भाषेत त्याला देवाला हाक मारता येते की नाही, यावरून ते ठरते. टिळक धर्माने दूर गेले असे लोकांनी मानले. भाषेने मात्र ते कधी घराबाहेर गेले नाहीत.

पुढील एकादशीस त्या बाईंना सन्मानाने बोलवावे आणि तो अभंग पुरता ऐकावा, असे आम्ही ठरविले होते. आम्ही अमीनाबादेत त्यांचे बिऱ्हाड शोधीत गेलो, तेव्हा त्या मुलाकडे नगरला कायमच्या निघून गेल्याचे कळले. तो अभंग आमच्यासाठी अपुराच राहिला. मंडळाच्या भजनात पुन्हा असा कोणी पाहुणा आला, तर निदान आमच्या हातचे टाळ थांबणार नाहीत.