बीथोव्हन : बहिरेपणातून उमटलेले संगीत

अंध व्यक्ती रस्ता ओलांडताना दिसली की आपला हात आपोआप पुढे होतो. बहिरेपणा मात्र डोळ्यांना दिसत नाही. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस तुसडा, विक्षिप्त किंवा गर्विष्ठ ठरतो आणि हळूहळू सर्वांपासून दूर जातो. थोर संगीतकार लुडविग व्हान बीथोव्हन याच्या वाट्याला हेच दुःख आले.

बीथोव्हनचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी जर्मनीतील बॉन या नगरात झाला. आजोबा आणि वडील दोघेही तेथील दरबारात संगीताच्या सेवेत होते. वडिलांच्या मद्यासक्तीमुळे घरात सुख नव्हते. नेफे नावाच्या सुजाण शिक्षकाने या मुलाचे गुण ओळखले आणि १७८४ साली दरबारी चर्चमध्ये साहाय्यक ऑर्गनवादक म्हणून त्याची नेमणूक झाली. १७८७ मध्ये आई क्षयाने वारली आणि धाकट्या भावांचा भार त्याच्यावर पडला. १७९२ साली तो व्हिएन्नाला गेला. तेथे हायडनकडे शिकत असतानाच अप्रतिम पियानोवादक म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले.

कीर्ती वाढत असतानाच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास, त्याच्या श्रवणशक्तीला उतरती कळा लागली. तीन वर्षे त्याने ही गोष्ट लपवून ठेवली. अखेर १८०१ साली त्याने बॉनमधील डॉक्टरमित्र वेगेलर आणि पुढे पाळक झालेला मित्र कार्ल आमेंडा या दोघांना पत्रे लिहून आपले गुपित उघड केले. कानांत रात्रंदिवस गुणगुण चालते, नाट्यगृहात वाद्यवृंदाच्या अगदी जवळ बसावे लागते, दुरून उंच स्वर कानी पडत नाहीत, कोणी हळू बोलले तर आवाज येतो पण शब्द कळत नाहीत आणि कोणी ओरडले तर ते असह्य होते, असे त्याने कळविले. लोकांना आपण बहिरे आहोत हे सांगणे शक्य नसल्यामुळे आपण समाजात मिसळणेच सोडले आहे, अशी कबुलीही त्याने दिली.

आजच्या कानाच्या डॉक्टरांना या तक्रारी अगदी ओळखीच्या वाटतील. अंतःकर्णाच्या किंवा श्रवणमज्जेच्या दोषात पुष्कळदा उंच पट्टीचे ध्वनी प्रथम हरवतात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीत असल्यामुळे बोलणे कानावर येते, पण शब्दाचा उलगडा होत नाही. मोठ्याने ओरडल्याने ही उणीव भरून निघत नाही. उलट, हळू आवाज ऐकू न येणाऱ्या त्याच कानाला मोठा आवाज टोचतो.

त्या काळचे उपाय तोकडे होते. कानात बदामाचे तेल घालणे, थंड व कोमट पाण्याची स्नाने, दंडावर फोड आणणारी झाडाची साल बांधणे हे सारे त्याने सोसले. कानांना विश्रांती मिळावी म्हणून डॉक्टर श्मिट यांनी १८०२ साली त्याला हायलिगेनश्टाट या खेड्यात राहण्यास सांगितले. तेथे ६ ऑक्टोबर रोजी त्याने आपल्या भावांच्या नावे एक मृत्युपत्रवजा पत्र लिहिले. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दूरवरची बासरी किंवा गुराख्याचे गाणे ऐकू यावे आणि आपल्याला काहीच ऐकू येऊ नये, या अपमानाने आपण जीवन संपविण्याच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, परंतु अंतरी असलेली कला प्रकट केल्याशिवाय जग सोडणे आपल्याला अशक्य वाटले, असा त्याचा आशय आहे. ते पत्र त्याने कधीच धाडले नाही. ते त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडले.

त्या रात्रीनंतर त्याचे कान बरे झाले नाहीत, पण त्याचे काम थांबले नाही. तिसरी सिंफनी लवकरच आकारास आली. पाचवी व सहावी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी एकाच कार्यक्रमात प्रथम सादर झाल्या. १८०९ साली फ्रेंच सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या, तेव्हा उरलेसुरले ऐकणे वाचविण्यासाठी तो भावाच्या तळघरात कानांवर उशा दाबून बसला होता.

पुढे मेल्झेल या कुशल यंत्रकाराने त्याच्यासाठी धातूचे कर्णे तयार केले. ते आजही बॉनमध्ये त्याच्या जन्मघरातील संग्रहालयात पाहावयास मिळतात. कर्ण्याचे रुंद तोंड ध्वनी गोळा करते व अरुंद नळीतून तो कानात सोडते. त्याचा लाभ मर्यादित असतो, कारण हवे ते सूर वेचून वाढविणे त्याला जमत नाही. आजचे श्रवणयंत्र हे काम करते. त्यातील मायक्रोफोन आवाज टिपतो आणि श्रवणचाचणीच्या आलेखानुसार ज्या पट्टीत उणीव आहे तेथेच आवाज अधिक वाढविला जातो. तरीही चष्मा लावताच स्पष्ट दिसावे तसे श्रवणयंत्राने होत नाही. मेंदूला ते नवे आवाज ओळखायला शिकावे लागते आणि त्यासाठी काही आठवडे, कधी काही महिनेही, धीर धरावा लागतो. पहिल्या दिवशी गोंगाट वाटला म्हणून यंत्र कपाटात ठेवून देणाऱ्यांचे हेच चुकते.

१८१८ पासून भेटीला येणारी माणसे आपले बोलणे बीथोव्हनच्या वहीत लिहू लागली. तो बहुधा तोंडी उत्तर देई. त्यामुळे आज उरलेल्या या वह्यांत प्रश्न इतरांचे आहेत आणि त्याची उत्तरे मात्र हवेत विरून गेली आहेत. त्याचा स्वभाव संशयी व तापट झाला, पुतण्या कार्लच्या ताब्यासाठी त्याने कडवट खटले लढविले आणि आप्तांना दुखविले. परंतु याच वर्षांत त्याने ‘मिसा सोलेम्निस’ ही भव्य उपासनारचना आणि नववी सिंफनी लिहिली. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नामध्ये नववी सिंफनी प्रथम सादर झाली. संचालन उमलाउफ करीत होता आणि बीथोव्हन शेजारी उभा राहून लय दाखवीत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला, तरी त्याची पाठ श्रोत्यांकडेच होती. तेव्हा तरुण गायिका कारोलीन उंगर हिने त्याला हळूच वळविले, आणि हलणारे हात व रुमाल पाहून त्याला लोकांचा आनंद कळला.

बीथोव्हनने शेवटचे संस्कार स्वीकारून २६ मार्च १८२७ रोजी देह ठेवला. शवचिकित्सेत त्याच्या श्रवणमज्जा सुकलेल्या आढळल्या. त्याच्या केसांतील जनुकांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला, त्यातही बहिरेपणाचे निश्चित कारण मिळाले नाही. नवव्या सिंफनीतील आनंदगीताच्या चालीवर मात्र हेन्री व्हॅन डाइक यांनी १९०७ साली इंग्रजी उपासनागीत रचले आणि ज्याला टाळ्याही ऐकू आल्या नव्हत्या त्याची चाल देशोदेशीच्या मंडळ्या गाऊ लागल्या.

त्याच्या यातनांत बहिरेपणाइतकाच वाटा बहिरेपणा लपविण्याचा होता. आपल्याही मंडळीत मागच्या बाकावर असे कोणी वडीलधारे बसत असतील, जे उपदेश ऐकल्यासारखे मान हलवितात, पण हळूहळू येईनासे होतात. त्यांना पुढच्या बाकावर जागा द्यावी, त्यांच्यासमोर उजेडात उभे राहून सावकाश व स्पष्ट बोलावे, नाहीतर चार शब्द लिहून दाखवावेत. श्रवणचाचणीसाठी त्यांच्याबरोबर जावे. कारोलीन उंगरने एवढेच केले होते. तिने एका माणसाला हात धरून लोकांकडे वळविले.